जुदो-कराटे शिकणाऱ्यांनी मेडिक्लेम असताना वेगळा अपघात विमा घ्यावा का?

आनंदनगरची_अनू
नमस्कार मंडळी. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, सिंहगड रोडवरच्या एका क्लासमध्ये जुदो शिकते. तिला सोडायला-आणायला जाता जाता नवऱ्यालाही हुरूप आला आणि त्याने शेजारच्याच हॉलमध्ये कराटेला नाव घातलं, वय ४४. म्हणजे घरातले दोघं आता आठवड्यातून तीन दिवस आपटून घेतात. परवा सरांनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला की सगळ्या मुलांचा मिळून ग्रुप अपघात विमा काढायचा विचार आहे, वर्षाला प्रत्येकी ३०० रुपये, १ लाखाचं कव्हर, आणि पालकांनाही त्यात येता येईल. लगेच दोन तट पडले. अर्धे म्हणतात आमचा कंपनीचा मेडिक्लेम आहे, कशाला डबल? बाकीचे म्हणतात ३०० रुपयांत काय एवढं, देऊन टाका. मला पैशाचा प्रश्न नाही, पण ३०० रुपये भरून आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहिलं आणि वेळ आल्यावर काहीच मिळालं नाही तर ते जास्त वाईट. ज्यांच्या घरात कुणी मार्शल आर्ट्स, कुस्ती, बॉक्सिंग वगैरे करतं त्यांनी काय केलंय? मेडिक्लेमच्या वर हा विमा खरंच काही देतो का?

हिशेबी_पुणेकर
मेडिक्लेम असेल तर काही गरज नाही. हॉस्पिटलचं बिल एकदाच येतं, ते दोनदा कोण देणार? ३०० रुपयांत मुलीला चांगला जुदोगी (जुदोचा ड्रेस) नाही पण निदान पट्टा तरी येईल.

पॉलिसीवाचक
हिशेबी, थोडी गल्लत होतेय. मी जनरल इन्शुरन्समध्ये नोकरी करून निवृत्त झालोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेडिक्लेम झालेला खर्च भरून देतो, म्हणजे बिल दाखवा, तेवढेच पैसे घ्या. अपघात विमा, ज्याला सगळे पीए म्हणतात, तो बिलावर चालत नाही. अपघातात मृत्यू आला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम देतो, मग हॉस्पिटलचं बिल शून्य असो नाहीतर चार लाख. त्यामुळे दोन्हीकडून मिळू शकतं, त्यात लबाडी काही नाही. एक डोळा गेला तर साधारण सम इन्शुअर्डच्या, म्हणजे विम्याच्या एकूण रकमेच्या, ५० टक्के, दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात गेले तर १०० टक्के, असा तक्ताच पॉलिसीत छापलेला असतो. अनूताई, पहिलं काम म्हणजे सरांकडून तो तक्ता मागा.

पण मुलीचं बोट मोडलं, प्लॅस्टर घातलं, सहा आठवड्यांत बरं झालं, तर साध्या पीएमधून एक रुपयाही येत नाही, कारण कायमचं काही झालेलंच नाही. मेडिक्लेममधूनही बहुतेक वेळा येत नाही, कारण २४ तासांची ॲडमिशन नाही आणि नुसतं प्लॅस्टर बऱ्याच पॉलिस्यांत डे-केअरमध्ये, म्हणजे २४ तासांहून कमी ॲडमिशनच्या उपचारांत, बसत नाही. जुदोत होणाऱ्या बऱ्याच दुखापती नेमक्या या फटीत पडतात. त्यासाठी पीएला जोडून 'अपघाती वैद्यकीय खर्च' नावाचं कव्हर घ्यावं लागतं, आणि ते ओपीडीला चालतं का फक्त ॲडमिट झाल्यावर, हे वेगळं विचारावं लागतं. १ लाखाच्या कव्हरमध्ये ते आहे का? असेल तर ३०० रुपये स्वस्त आहेत. नसेल तर मुलांसाठी त्याचा उपयोग फार थोडा.

तालीमवाला
आमच्या तालमीत विमा म्हणजे हळद, तेल आणि वस्तादांचा हात 😀 कान फुटला तर कुणी क्लेम करत नाही, ती पैलवानाची पदवी असते, लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे आधी कान बघतात.

पण चेष्टा सोडून सांगतो. कुस्तीतली पोरं हाडवैद्याकडे जातात. हात उतरला, बसवला, पट्टी बांधली, पाचशे रुपये हातावर ठेवले, विषय संपला. पावती नाही, एक्स-रे नाही, काही नाही. चार महिन्यांनी कळतं की खांदा परत परत निसटतोय आणि आता ऑपरेशनच करावं लागेल, मग कंपनी विचारते अपघात कधी झाला, कागद दाखवा. कुठून दाखवणार? गावाकडून आलेली पोरं असतात, घरी दीड एकर कोरडवाहू, खुराकाचे पैसे घरून येतात तेच मुश्किलीने. वस्तादांना माझी हात जोडून विनंती असते की पोराला आधी डॉक्टरकडे न्या, एक्स-रे काढा, मग कुणाकडे जायचं तिकडे जा. आणि रेशनकार्ड पुण्याला आणून ठेवायला सांगा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या हॉस्पिटलात यादीतल्या ऑपरेशनला कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत आहे, अर्ध्या पोरांना हे माहीतच नाही.

हाडांचा_डॉक्टर
तालीमवाले दादा, एक्स-रेबद्दल १००% अनुमोदन.

कॅज्युअल्टीच्या कागदावर पहिली ओळ असते, दुखापत कशी झाली. रात्री साडेनऊला मूल कळवळतंय, आई घाबरलेली, ज्युनिअर डॉक्टर विचारतो काय झालं, कुणीतरी म्हणतं 'पडली', आणि तो लिहितो 'घरी पडून इजा'. पुढे सगळे कागद त्याचीच नक्कल करतात, डिस्चार्ज कार्डावरही तेच. मग क्लेम फॉर्मवर तुम्ही 'जुदोच्या सरावात' लिहिता आणि दोन कागद एकमेकांशी भांडायला लागतात. त्यामुळे तिथेच सांगा: किती वाजता, कुठे, कुठल्या फेकीत, कसा हात टेकला. ते लिहून घ्या आणि निघायच्या आधी वाचून बघा. खरं तेच सांगा, 'खेळ लिहिला तर क्लेम मिळणार नाही' असं कुणी कानात सांगितलं तरी.

गुडघ्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. पॉलिसीत अपघाताची व्याख्या असते ती अशी की अचानक, अनपेक्षित, आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या, जोरदार कारणाने झालेली गोष्ट. कॉलरबोन मोडली, हे उघड आहे. पण वळताना पाय रोवलेला राहिला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्यातला स्नायुबंध, तुटला, कुणी हातही लावला नव्हता, तेव्हा कंपनी म्हणू शकते की हे बाहेरचं कारण नाही, किंवा एमआरआयमध्ये जुनी झीज दिसतेय. चाळिशीनंतरच्या एमआरआयमध्ये थोडीफार झीज दिसतेच हो, बऱ्याच जणांच्या.

अनूताई, तुमच्या मिस्टरांसाठी एक सांगतो, रागावू नका. ४४ व्या वर्षी स्पारिंग करताना छातीत दुखलं आणि हार्ट अटॅक आला तर पीएच्या भाषेत तो आजार, अपघात नव्हे. लोकांना वाटतं मॅटवर झालं म्हणजे अपघात. ते कव्हर मेडिक्लेम आणि टर्म इन्शुरन्सचं. विम्याच्या आधी एकदा बीपी, शुगर, ईसीजी, आणि सांगतील तर स्ट्रेस टेस्ट करून घ्यायला लावा.

आनंदनगरची_अनू
डॉक्टर, रागवायचं काय त्यात, उलट आभार. आजच त्याला हा प्रतिसाद वाचायला दिला, शनिवारी लॅबमध्ये जातोय म्हणाला.

बाणेरबाबा
अवांतर होईल पण क्लासला जाताना बाइक कोण चालवतं आणि हेल्मेट असतं का? माझ्या बघण्यात मॅटवर मोडलेल्या हाडांपेक्षा मॅटकडे जाताना मोडलेली जास्त आहेत. नवले पुलापासून वडगावपर्यंत संध्याकाळी सातला एकदा जाऊन बघा.

पॉलिसीवाचक
बाणेरबाबा, अवांतर नाहीच. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो फक्त गाडीमालकाचा, तोच चालवत असेल आणि लायसन्स चालू असेल तर. मागे बसलेल्या मुलीला त्यातून काही नाही, तिच्यासाठी वेगळं कव्हर जोडावं लागतं. साधा पीए मात्र २४ तास चालतो, घरात, रस्त्यावर, ऑफिसात. ग्रुप पॉलिसी 'फक्त क्लासच्या वेळेत' आहे का चोवीस तास, हाही प्रश्न सरांना विचाराच, आणि ये-जा धरली आहे का तेही.

कात्रजचा_कराटेका
+१. आणि सगळ्यांनी २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी बँकेत सुरू केलाय का? १८ ते ७० वय, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. दरवर्षी १ जूनला सुरू होतो, मे महिन्यात खात्यात पैसे ठेवा नाहीतर गुपचूप बंद पडतो. १८ च्या खालच्यांना नाही, म्हणजे अनूताईंच्या मुलीला चालणार नाही.

मॅटबाहेरची
मी एरवी इथे फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं कारण सगळी चर्चा शिकणाऱ्यांची चालू आहे, शिकवणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाहीये.

माझा नवरा शिकवतो. सकाळी दोन शाळांत, संध्याकाळी स्वतःचा क्लास. मागे एकदा ब्लॅक बेल्टच्या ग्रेडिंगची (पट्ट्याच्या परीक्षेची) तयारी करून घेताना एका मोठ्या मुलाचं वजन त्याच्या गुडघ्यावर आलं. ऑपरेशन झालं, मेडिक्लेमने बिल दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंतरचे महिने? शाळा तासांवर पैसे देतात, तास नाही तर पैसे नाहीत. क्लासमधल्या मोठ्या मुलांनी आळीपाळीने वर्ग घेतला, तरी निम्मे पालक 'सर परत आले की बघू' म्हणून थांबले आणि थांबलेल्यातले बरेच परत आलेच नाहीत. हॉलचं भाडं मात्र चालू. फिजिओथेरपी चालू. मुलाच्या शाळेची फी जूनमध्ये आली ती माझ्या पगारातून आणि माहेरून उचलून भरली. त्याच्याकडे एक पीए पॉलिसी होती, एजंटने काढून दिलेली, दहा लाखांची. क्लेम टाकला तर उत्तर आलं की कायमचं अपंगत्व नाही म्हणून काही नाही, आणि आठवड्याला मिळणारा भत्ता तुम्ही घेतलेलाच नाही. शिवाय फॉर्मवर व्यवसाय 'शिक्षक' लिहिला होता, मार्शल आर्ट्सचा उल्लेखच नाही, त्यावरून दोन प्रश्न विचारले ते वेगळेच.

तुमची मुलं दोन तास मॅटवर असतात. तो दिवसाचे सहा तास असतो, रोज वेगवेगळ्या वजनाची माणसं अंगावर घेतो. ग्रुप विमा काढाल तेव्हा एवढंच बघा की यादीत सरांचं नाव आहे का. बऱ्याच ठिकाणी नसतं. 'विद्यार्थी' एवढाच गट असतो आणि जो माणूस सगळ्यांचे फॉर्म भरून घेतो तोच बाहेर राहतो.

तालीमवाला
वहिनी, वाचून गलबलून आलं. साहेब आता कसे आहेत?

मॅटबाहेरची
शिकवतायत, दादा. स्वतः फेकून घेत नाहीत आता, दाखवतात.

पॉलिसीवाचक
ताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. त्याला 'टेम्पररी टोटल डिसेबलमेंट' कव्हर म्हणतात, कामावर जाता येत नाही तोवर दर आठवड्याला ठरावीक रक्कम. इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, सगळ्या कंपन्यांना एक प्रमाणित पॉलिसी विकायला लावली आहे, सरल सुरक्षा बीमा, एप्रिल २०२१ पासून. अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत घेता येते. त्यात हे कव्हर ऐच्छिक आहे, आठवड्याला सम इन्शुअर्डच्या ०.२ टक्के. म्हणजे १० लाखाला आठवड्याला २ हजार. फार नाही, पण हॉलच्या भाड्याला हातभार. अपघाती हॉस्पिटल खर्च १० टक्क्यांपर्यंत, हेही ऐच्छिक. आणि पालकाचा मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर मुलांच्या शिक्षणासाठी अनुदान, तेही ऐच्छिक. एजंट बहुतेक वेळा नुसती मूळ पॉलिसी देतो कारण प्रीमियम कमी दिसतो आणि सही लवकर होते. शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे तिन्ही मागून घ्यावेत.

व्यवसायाबद्दल: फॉर्मवर 'मार्शल आर्ट्स प्रशिक्षक, प्रात्यक्षिकासह' असं स्पष्ट लिहा. पीएचा प्रीमियम व्यवसायाच्या धोक्यावर ठरतो. ऑफिसातला कारकून पहिल्या वर्गात, खाणीत उतरणारा, घोड्यावरचा जॉकी, सर्कशीतला माणूस तिसऱ्या वर्गात. प्रशिक्षकाला कुठे बसवायचं ते कंपनी ठरवेल, कदाचित जास्त पैसे मागेल. मागू दे. जास्त प्रीमियम भरून मिळालेली पॉलिसी क्लेमच्या दिवशी उभी राहते.

हिशेबी_पुणेकर
मॅटबाहेरची, तुमचा प्रतिसाद वाचून माझं पहिलं मत मागे घेतो. पण एक शंका. पॉलिस्यांत 'धोकादायक खेळ' वगळलेले असतात ना? मग मार्शल आर्ट्स मुळातच बाहेर नाही का?

पॉलिसीवाचक
अगदी कळीचा प्रश्न. आरोग्य विम्यात हे कलम आता सगळ्या कंपन्यांत एकसारखं आहे. धोकादायक किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने लागणारे उपचार वगळले जातात. उदाहरणं दिली आहेत ती पॅराजंपिंग, रॉक क्लाइंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार रेसिंग, घोड्यांची शर्यत, स्कुबा डायव्हिंग अशी. जुदो-कराटेचं नाव नाही, पण यादी 'एवढ्यापुरतीच नाही' असंही लिहिलेलं आहे. हौसेने शिकणारी १३ वर्षांची मुलगी व्यावसायिक नाही, त्यामुळे मेडिक्लेममध्ये तिला अडवायला जागा नाही. फी घेऊन शिकवणारे सर? तिथे वाद घालायला कंपनीला जागा आहे. बक्षिसाच्या रकमेसाठी रिंगमध्ये उतरणारा? तिथे तर नक्कीच.

पीएमध्ये मात्र प्रत्येक कंपनीचं कलम वेगळं. काहींत 'व्यावसायिक' शब्दच नाही, खेळाचा सरावसुद्धा वगळलेला असतो. म्हणून तोंडी 'हो हो सगळं कव्हर आहे' यावर जाऊ नका. कंपनीला ईमेल टाका: जुदोचा सराव, ग्रेडिंग आणि स्पर्धा, तिन्ही वेगवेगळी लिहून, कव्हर आहे का ते हो-नाहीत सांगा. उत्तर पॉलिसीबरोबर जपून ठेवा. शक्य असेल तर पॉलिसीवरच तशी लेखी नोंद (एन्डॉर्समेंट) करून घ्या.

जर्सीतला_सदाशिव
इकडे अमेरिकेत मुलगा जुदोला जातो. राष्ट्रीय संघटनेची वार्षिक मेंबरशिप घेतल्याशिवाय मॅटवर पायच ठेवू देत नाहीत, आणि त्या मेंबरशिपमध्येच अपघात विमा असतो. पण तो दुय्यम असतो, म्हणजे आधी घरचा हेल्थ इन्शुरन्स देणार, मग त्याचं डिडक्टिबल (आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) वगैरे जे उरेल त्यातलं हे देणार. तिकडच्या पीएसारखी ठोक रक्कम नाही. त्यामुळे इकडचे लेख वाचून पुण्यात पॉलिसी घेऊ नका, शब्द सारखे दिसले तरी व्यवस्था वेगळी आहे. घेण्यासारखी गोष्ट एकच, विमा आणि मेंबरशिप बांधलेली आहे त्यामुळे कुणी विसरूच शकत नाही, शिकवणारेसुद्धा त्यातच.

कोथरूडची_आई
आमच्या क्लासने विमा वगैरे काही नाही, एक फॉर्म सही करून घेतला, 'कुठल्याही इजेला क्लास जबाबदार नाही'. झालं! पालकही मुकाट सही करतात.

कात्रजचा_कराटेका
कोथरूडची_आई, क्लासची बाजूही सांगतो. छोटा क्लास असतो, चाळीस मुलं, हॉल भाड्याचा, एका केसनेही तो बंद पडेल. फॉर्म घेतात त्यामागे भीती असते, फसवायचं नसतं.

कोथरूडची_आई
भीती समजते हो. पण मॅटमध्ये फटी आहेत, एका शिक्षकाकडे तीस मुलं, आणि बारक्या पोराला दुप्पट वजनाच्या मुलाशी लावतात, हा निष्काळजीपणा झाला. तो माझ्या सहीने माफ होत नाही. भीती वाटत असेल तर क्लासने स्वतःचा लायबिलिटीचा (इतरांना झालेल्या इजेच्या जबाबदारीचा) विमा काढावा, त्याचे पैसे फीमध्ये घ्यावेत, मी आनंदाने देईन.

हाडांचा_डॉक्टर
कोथरूडची_आई यांना पूर्ण पाठिंबा. आणि पडायला नीट शिकवल्याशिवाय फेकाफेकी सुरू करू नये. माझ्याकडे येणारी मनगटं आणि कॉलरबोन बहुतेक नवख्यांच्या असतात, पडताना हात पुढे टेकतात. विमा नंतर, उकेमी, म्हणजे पडण्याचं तंत्र, आधी.

येरवड्याचा_वकील
क्लेम नाकारला तर गप्प बसू नका एवढंच सांगायला आलो. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही (आमच्या पोटावर पाय, पण खरं आहे 🙂), ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोग आहेच. 'उशिरा कळवलंत' एवढ्याच कारणाने खरा क्लेम नाकारू नये असं इर्डाने २०११ मध्येच कंपन्यांना सांगितलेलं आहे, ते तक्रारीत जरूर लिहा.

आनंदनगरची_अनू
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सरांना भेटले, इथले प्रश्न एका कागदावर लिहूनच नेले होते. सर म्हणाले एजंटने हे काहीच सांगितलं नव्हतं. तिथूनच फोन लावला. कळलं ते असं: कव्हर फक्त क्लासच्या वेळेत, ये-जा धरलेली नाही. ओपीडी खर्च नाही. स्पर्धा वगळलेली. आणि मॅटबाहेरची, तुमचा अंदाज खरा ठरला, यादीत सर नव्हतेच.

मग पालकांची बैठक घेतली. ही पॉलिसी घ्यायची नाही असं ठरलं. दुसऱ्या दोन कंपन्यांकडून कोटेशन मागवतोय, त्यात ओपीडीसह वैद्यकीय खर्च, सराव आणि स्पर्धा दोन्ही, आणि चोवीस तास. प्रीमियम वाढेल, बहुतेकांनी हो म्हटलंय. ज्या दोन मुलांना परवडणार नाही त्यांचे बाकीचे मिळून भरणार. सरांची आणि मदतीला येणाऱ्या ताईंची वेगळी पॉलिसी, आठवड्याच्या भत्त्यासह, क्लासच्या फीमधून. सर नको नको म्हणत होते, पण एका आजोबांनी उठून सांगितलं की तुम्ही जाग्यावर पडलात तर आमच्या नातवंडांना कोण शिकवणार, लिहा तुमचं नाव. नवऱ्यासाठी सरल सुरक्षा वेगळी घेतोय, तिन्ही जोडण्यांसह.

एकच राहिलंय. पुढच्या महिन्यात बालेवाडीला स्पर्धा आहे आणि तोवर नवी पॉलिसी होणार नाही. तेवढ्यापुरतं काय करावं?

पॉलिसीवाचक
अनूताई, आयोजकांना आजच विचारा की खेळाडूंचा स्पर्धेपुरता विमा काढलाय का, काढला असेल तर पॉलिसीची प्रत मागा. काही आयोजक काढतात, पण खेळाडूंना सांगत नाहीत. मॅटजवळ डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स आहे ना तेही विचारा. तुमचा मेडिक्लेम ॲडमिशनसाठी आहेच, कार्ड आणि मुलीचं आधार फोनमध्ये नको, पिशवीत कागदावर ठेवा, आणि बालेवाडीच्या जवळचं कॅशलेस हॉस्पिटल कोणतं ते आधीच बघून ठेवा.

तालीमवाला
आणि पोरीला आमच्याकडून शाब्बासकी सांगा. कितव्या वजनगटात आहे?

आनंदनगरची_अनू
४४ किलोखालील. सध्या बाकरवडी बंद आहे 😀 आयोजकांना ईमेल टाकला, उत्तर आलं की इथे लिहिते.